टीपीएमनं डिस्क उघडली, आता टेस्टिंग झालं का? वाचकांचे प्रश्न

एन्क्रिप्टेड डिस्क पासवर्ड न विचारता, टीपीएम (किल्ल्या जपणारी मशीनमधली सुरक्षा चिप) या चिपच्या जोरावर बूटलोडरमध्येच (मशीन चालू झाल्यावर कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, उचलून चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यात उघडून घ्यायची, या विषयावर बरेच प्रश्न साचले होते, त्यातले काही आज घेतोय. निम्मे प्रश्न "चालत नाहीये" असे आहेत आणि निम्मे "चाललं, झालं ना आता?" असे. खरं सांगू, मला दुसऱ्या गटाचीच जास्त काळजी वाटते.

प्रश्न: दादा, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स टाकताना फुल डिस्क एन्क्रिप्शनवर टिक केलं आणि आता चालू करताना एकदा ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) पासवर्ड विचारतो, मग थोड्या वेळानं परत एकदा. टीपीएमनं हे आपोआप होतं म्हणतात. करून बघायचंय, पण लॅपटॉप एकच आहे आणि सगळी सबमिशन्स त्यावरच आहेत.

उत्तर: मग पहिला प्रयोग त्या लॅपटॉपवर अजिबात नको. व्हर्च्युअल मशीन कर, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरनं बनवलेलं दुसरं मशीन. ते चालवायला क्यूएमू, केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर टाक, सोबत एसडब्ल्यूटीपीएम नावाचं पॅकेज घे, तो सॉफ्टवेअरमधला टीपीएम आहे आणि आतल्या लिनक्सला तो खऱ्या चिपसारखाच दिसतो. मशीन बनवताना शेवटच्या पायरीला "इन्स्टॉलआधी बदल करायचेत" यावर टिक करायला विसरू नको, कारण फर्मवेअर (मशीनमध्ये सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) जुनं बायोस ठेवायचं की नवं यूईएफआय हे तिथेच ठरतं, नंतर बदलता येत नाही. सिक्युअर बूटवालं, म्हणजे विश्वासातली सही असलेलीच फाइल बूट होऊ देणारं, यूईएफआय निवड, हार्डवेअर जोडा मध्ये जाऊन टीपीएम, एम्युलेटेड, व्हर्जन २.० असं घे, आणि मग इन्स्टॉलर चालू कर. आता हे मशीन मोड, तोड, फेक, काही बिघडत नाही.

दोनदा पासवर्ड का, तर तुझी बूट डिरेक्टरी पण एन्क्रिप्टेड भागातच आहे. कर्नल आत असल्यामुळे तो वाचायला ग्रबला आधी डिस्क उघडावी लागते, पण ग्रबनं उघडली ती त्याच्यापुरती, कर्नल सुरू झाला की त्याला पहिल्यापासून परत उघडावी लागते. काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे संच) यावर उपाय म्हणून इनिटआरडीमध्ये (कर्नलसोबत आधी चढणारी तात्पुरती छोटी सिस्टम, खरी डिस्क तीच उघडते) एक कीफाइल ठेवून देतात, मग एकदाच विचारतं.

टीपीएम काय करतो ते थोडक्यात. त्यात पीसीआर नावाची २४ रजिस्टर्स असतात, ० ते २३. त्यात हवं ते लिहिता येत नाही, फक्त भर घालता येते, म्हणजे जुनी किंमत आणि नवीन मोजमाप एकत्र करून त्याचा हॅश (ठरावीक लांबीचा ठसा), तीच पुढची किंमत. बूट होताना फर्मवेअर बूटलोडरला मोजतं, बूटलोडर कर्नलला मोजतो, असं पुढे पुढे जातं, आणि बूटसाठी वापरले जाणारे पीसीआर रीबूट केल्याशिवाय कोरे होत नाहीत. डिस्कची किल्ली "हे हे पीसीआर अमुक किमतीचे असतील तरच दे" अशा अटीवर सील करून ठेवायची. अट जुळली की चिप किल्ली देते, नाही जुळली तर देत नाही. बस, एवढंच आहे. यात "मालक कोण आहे" हे टीपीएमला अजिबात कळत नाही, त्याला फक्त "मशीन तसंच चालू झालंय का" एवढं कळतं. पुढचे सगळे घोळ याच्यातूनच निघतात.

आता हे सील उघडायचं कुठे? एक तर ग्रबमध्येच, नव्या ग्रबला टीपीएम २ साठी सोय आलेली आहे. नाही तर ग्रबच्या पुढे इनिटआरडीमध्ये, त्यासाठी सिस्टमडीमधलं (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी प्रणाली) सिस्टमडी-क्रिप्टएनरोल आहे, ते किल्ली टीपीएमला जोडतं, म्हणजे एनरोल करतं, ते सिस्टमडी २४८ पासून म्हणजे २०२१ पासून आलं. सुरुवातीला दुसरा रस्ता घे, सोपा आहे आणि अडकलास तर वाचायला भरपूर मिळतं. डेबियन घेतलं असशील तर एक गोष्ट आधीच सांगतो, इनिटआरडी बनवणारं तिथलं नेहमीचं इनिटरॅमएफएस-टूल्स क्रिप्टटॅबमधला (कुठली डिस्क कशी उघडायची ते सांगणारी फाइल) टीपीएमचा पर्याय ओळखतच नाही, "अननोन ऑप्शन" अशी एक ओळ दाखवतं आणि गुपचूप पुढे जातं. लोक दोन दोन दिवस चिपला शिव्या देतात. त्याच्या जागी ड्रॅकट टाकलं की चालतं.

आणि मूळ पासवर्ड काढायचा नाही. लक्स २ मध्ये (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) ३२ कीस्लॉट, म्हणजे किल्ल्यांच्या जागा, असतात, टीपीएम त्यातला एक घेतो, पासवर्ड आपल्या जागी राहू दे.

प्रश्न: टीपीएम अनलॉक लावलं, मस्त चाललं. पण कर्नल अपडेट आला की दुसऱ्या दिवशी परत पासवर्ड विचारतो. मग परत एनरोल करतो, पुढच्या अपडेटला परत तेच. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक काही चुकत नाहीये, तुम्ही पीसीआर जरा जास्तच निवडलेत. कुठेतरी वाचून ०, २, ४, ७, ८, ९ असे सगळे टाकले असतील.

० मध्ये फर्मवेअरचा कोड, म्हणजे बायोस अपडेट केला की बदलतो. २ मध्ये बाहेरच्या कार्डांवरचे ऑप्शन रॉम, म्हणजे त्या कार्डांचं स्वतःचं फर्मवेअर. ४ मध्ये बूटलोडर. ७ मध्ये सिक्युअर बूट चालू आहे का, कुठल्या किल्ल्यांवर विश्वास आहे, कुठल्या बाद केल्यात, आणि प्रत्यक्ष बूट झालेल्या फाइलवर सही कोणाची होती. ८ मध्ये ग्रबनं चालवलेल्या कमांड, कर्नल कमांडलाइनसकट (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचना). आणि ९ मध्ये ग्रबनं वाचलेल्या फाइल, म्हणजे खुद्द कर्नल आणि इनिटआरडी. मग कर्नल अपडेट झाल्यावर ९ बदलणारच ना, आणि कमांडलाइनमध्ये कर्नलचं नाव असतं म्हणून ८ पण. टीपीएम त्याचं काम बरोबर करतोय.

यावर सगळे पटकन सांगतात, "फक्त ७ ठेव, त्रास जाईल". त्रास जातो हे खरं, कारण नवीन कर्नलवर सही त्याच डिस्ट्रोची असते आणि ७ हलत नाही. पण काय सोडलंत ते बघा. नेहमीच्या शिम (ग्रबच्या आधी चालणारा, मायक्रोसॉफ्टची सही असलेला छोटा प्रोग्राम), ग्रब, कर्नल अशा मांडणीत इनिटआरडीवर कोणाचीच सही नसते, ती तुमच्याच मशीनवर तयार होते. बूट पार्टिशन उघडं असेल तर कोणीही पेनड्राइव्हवरून बूट करून इनिटआरडी बदलू शकतो, ७ जसाच्या तसा राहतो, आणि टीपीएम आनंदानं किल्ली देतो.

मधला मार्ग म्हणजे यूकेआय, कर्नल, इनिटआरडी आणि कमांडलाइन एकाच फाइलमध्ये बांधून त्यावर सही. त्याची मोजमापं पीसीआर ११ मध्ये जातात, आणि सिस्टमडी २५२ पासून असं करता येतं की ठरावीक किमतीला न बांधता "या सहीची जी किंमत असेल ती चालेल" अशा पॉलिसीवर सील करायचं. मग अपडेट आला की नव्या कर्नलसोबत नवी सही येते आणि परत एनरोल करावं लागत नाही. दुसरा मार्ग सिस्टमडी-पीसीआरलॉकचा, तो २५५ मध्ये आला, पुढच्या बूटला पीसीआर काय असतील याचा आधीच अंदाज बांधून पॉलिसी बदलतो. मला स्वतःला सहीवाला रस्ता जास्त पटतो, त्यात अंदाजाचा भाग नाही.

काय बदललं ते नुसतं डोक्यानं शोधू नका. अपडेटच्या आधी सिस्टमडी-अनालाइझ पीसीआरएस चालवून आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा, नंतर परत चालवा, आणि डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: आमच्या नाशिकच्या ऑफिसात १२ लॅपटॉपना टीपीएम अनलॉक लावून दिलं. सगळे रीस्टार्ट करून बघितले, एकालाही पासवर्ड विचारला नाही. बॉसना रिपोर्ट द्यायचाय की टेस्टिंग पूर्ण. अजून काही बघायचं राहिलंय का?

उत्तर: राहिलंय म्हणजे, खरं टेस्टिंग अजून सुरूच व्हायचंय. कुलूप बसवल्यावर किल्लीनं उघडतं का हे सगळेच बघतात, दुसऱ्याच्या किल्लीनं उघडत नाही ना हे बघायचं असतं. तुमचे १२ लॅपटॉप आत्ता "आपोआप उघडतात" एवढंच सिद्ध झालंय, एन्क्रिप्शनच नसतं तरी अगदी असंच दिसलं असतं.

म्हणून एक लॅपटॉप बाजूला घ्या आणि चोराच्या खुर्चीत बसा.

सगळ्यात आधी ग्रबचा मेनू आणा आणि ई दाबा. लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश असं लिहा आणि बूट करा. पीसीआर ७ लाच बांधलं असेल आणि ग्रबला पासवर्ड नसेल, तर टीपीएम डिस्क उघडून देईल आणि तुमच्यासमोर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) प्रॉम्प्ट येईल, ना लॉगिन ना काही. पूर्ण कंपनीचा डेटा. रीस्टार्ट करायला लागणाऱ्या वेळात. ड्रॅकट असेल तर आरडी.ब्रेक (इनिटआरडीतच थांबवणारा पर्याय) लिहून पण बघा. हे बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहूच नका, कारण मला जी मशीन दाखवायला आणतात त्यात सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. उपाय म्हणजे ग्रबला सुपरयुजर आणि पासवर्ड लावणं, किंवा ८ पण अटीत घेणं, किंवा ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट असेल तर एडिटर बंद करणं आणि सिक्युअर बूटसोबत यूकेआय वापरणं, तिथे बाहेरून दिलेली कमांडलाइन धरलीच जात नाही.

मग ग्रबमध्येच टीपीएमनं डिस्क उघडत असाल तर सी दाबून ग्रबची कमांडलाइन उघडा, आणि तिथून एलएस आणि कॅट करून आतल्या फाइल वाचता येतात का बघा. डिस्क आधीच उघडलेली असते ना, मग ग्रबचा शेल म्हणजे उघडं कपाट. ग्रबमध्ये नंतर यासाठी बदल झाला, टीपीएमनं उघडल्यावर कमांडलाइनला जायचं तर आधी ओळख पटवावी लागते. पण तो बदल तुमच्या डिस्ट्रोच्या ग्रबमध्ये आलाय का हे वाचून नाही, दाबूनच कळतं. ग्रबची कॉन्फिग फाइल मुद्दाम बिघडवून रेस्क्यू शेलमध्ये पडलात तर काय होतं, तेही त्याच बैठकीत उरका.

पुढे सिक्युअर बूट बंद ठेवून मशीन चालू करा. पासवर्ड विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर तुम्ही नक्की कशाला बांधलंय ते परत तपासा, मी असंही बघितलंय की पीसीआरची यादी रिकामीच गेली होती आणि टीपीएम कुठल्याही परिस्थितीत किल्ली देत होता. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून तिथून किल्ली मागून बघा. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावा. सगळीकडे नकार आला पाहिजे, आणि नकार आल्यावर पासवर्डनं उघडली पाहिजे. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

आता जरा खोलातली एक टेस्ट. जानेवारी २०२५ मध्ये एक हल्ला सविस्तर प्रसिद्ध झाला होता, इनिटआरडीमध्ये आपोआप उघडणाऱ्या बऱ्याच सेटअपना तो लागू होतो. चोर तुमच्या रूट पार्टिशनची जागा घेणारं स्वतःचं लक्स पार्टिशन बनवतो, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच, पासवर्ड मात्र त्याचा. बूट केल्यावर टीपीएमची किल्ली त्या खोट्या पार्टिशनला लागत नाही, म्हणून इनिटआरडी सरळपणे पासवर्ड विचारतो, चोर स्वतःचा पासवर्ड टाकतो, आणि इनिटआरडी त्याच्या पार्टिशनमधला इनिट (सिस्टम सुरू करणारा पहिला प्रोग्राम) चालवतो. कर्नल तोच, इनिटआरडी तोच, कमांडलाइन तीच, त्यामुळे सगळे पीसीआर अगदी बरोबर! आता तो आत रूट म्हणून बसून टीपीएमला खऱ्या डिस्कची किल्ली मागतो आणि टीपीएम देतो. सही, यूकेआय सगळं नीट असून सुद्धा. म्हणजे इनिटआरडी आपल्याला मोजून घेतो, पण आपण कुठली डिस्क उघडली हे कोणाला सांगतच नाही.

यावर पीसीआर १५ आहे. क्रिप्टटॅबमध्ये मोजमापाचा पर्याय चालू केला की उघडलेल्या डिस्कच्या किल्लीचं मोजमाप १५ मध्ये जातं, आणि सील करतानाच "१५ कोरा असला पाहिजे" अशी अट घालायची, किंमत हातानं शून्य द्यावी लागते कारण चालू मशीनवर तो कोरा नसतो. मग खोटी डिस्क उघडली की १५ बदलतो आणि त्या बूटमध्ये टीपीएम परत किल्ली देत नाही. नाही तर सरळ टीपीएमला पिन जोडा, पिन माहीत नसेल तर हा हल्ला तिथेच थांबतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये दुसरी व्हर्च्युअल डिस्क लावून हे करून बघता येतं, एक दुपार जाईल पण जाऊ द्या.

आणि हो, रीस्टार्ट म्हणजे सगळं नव्हे. पूर्ण बंद करून चालू करणं, ऑफिसच्या डॉकला लावून आणि काढून, पेनड्राइव्ह खोचलेला असताना, असंही बघा. व्हर्च्युअल मशीनमध्ये पास झालेलं खऱ्या फर्मवेअरवर नापास होतं ते बऱ्याचदा इथेच.

प्रश्न: मी पासवर्ड मराठीत ठेवलाय, देवनागरीत, कोणाला ओळखता येऊ नये म्हणून. डेस्कटॉपवरून डिस्क उघडते, पण ग्रबमध्ये टाइपच होत नाही.

उत्तर: कल्पना आवडली, पण ग्रबमध्ये चालणार नाही. ग्रबला साधा अमेरिकन कीबोर्ड कळतो, मराठी टाइप करायला लागणारं आयबस वगैरे तिथे अजून जन्मालाच आलेलं नसतं. मशीन आत्ता चालू आहे ना, मग बंद करायच्या आधी क्रिप्टसेटअपनं (लक्स हाताळायची कमांड) दुसऱ्या स्लॉटमध्ये रोमन अक्षरांचा लांब पासवर्ड टाका. चिन्हं जपून वापरा, ॲट आणि कोटची जागा ब्रिटिश कीबोर्डवर वेगळी असते आणि ग्रबमध्ये काय टाइप होतंय ते दिसतही नाही.

तेवढ्यात अजून एक. लक्स २ मध्ये नवीन स्लॉट सहसा आर्गॉन २ आयडीनं (पासवर्डपासून किल्ली बनवायची नवी पद्धत) बनतो, आणि ग्रबला २.०६ मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, लक्स २ कळायला लागलं तरी ते तेव्हा फक्त पीबीकेडीएफ २ या जुन्या पद्धतीच्या स्लॉटपुरतं. त्यामुळे "पासवर्ड बरोबर आहे, तरी ग्रब चुकीचा म्हणतो" अशी तक्रार आली की मी आधी स्लॉटचा प्रकार बघायला सांगतो. ग्रबसाठीचा स्लॉट मुद्दाम पीबीकेडीएफ २ नं बनवा. तो उघडायला लिनक्सपेक्षा बराच जास्त वेळ घेईल, ते नॉर्मल आहे, मशीन हँग झालंय समजून बटण दाबून बंद करू नका.

प्रश्न: विंडोज ११ आणि लिनक्स दोन्ही आहेत. ग्रबमधून विंडोज निवडलं की निळा स्क्रीन येतो आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागतो. मी तर बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं!

उत्तर: तुम्ही नाही केलं, विंडोजनं केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते, दुसऱ्या कुठल्या मोबाइलवरून लॉगिन करून बघा. ज्यानं लॅपटॉप सेट करून दिला त्याचं अकाउंट असेल तर की त्याच्याकडे आहे, त्याला फोन लावा.

कारण तेच, पीसीआर. बिटलॉकर साधारण ७ आणि ११ ला बांधलेलं असतं. सरळ बूट केलं तर ७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवाल्या सहीची नोंद होते, ग्रबमधून गेलात तर आधी शिमची नोंद होते, किंमत बदलते, की मागते. विंडोजला जायचं तर फर्मवेअरचा बूट मेनू वापरा, एफ १२ किंवा तुमच्या मशीनवर जे असेल ते. सिस्टमडी-बूटमध्ये तर यासाठी खास सेटिंग आहे, बिटलॉकरसाठी रीबूट, ते विंडोज निवडल्यावर मशीन परत चालू करून थेट विंडोजकडे पाठवतं.

ड्युअल बूटवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, एका बाजूचा अपडेट दुसऱ्या बाजूला लागतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं सिक्युअर बूटची एक यादी बदलली आणि जुन्या शिमवाली बरीच लिनक्स मशीन "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" म्हणून बंदच पडली. आणि सिक्युअर बूटच्या मूळ २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते, त्यांच्या जागी २०२३ ची येतात, म्हणजे डीबी (विश्वासातल्या किल्ल्यांची यादी) बदलणार, म्हणजे पीसीआर ७ बदलणार. त्या दिवशी पासवर्ड विचारला तर घाबरू नका, फक्त तो तुम्हाला आठवत असू दे.

प्रश्न: मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी क्लिनिक आहे. पेशंटची माहिती एका छोट्या लिनक्स सर्व्हरवर असते. लाइट सारखी जाते, रात्री यूपीएस पण उतरतो, सकाळी कंपाउंडर येतो तोवर मशीन आपोआप चालू झालेलं लागतं, त्याला पासवर्ड द्यायचा नाहीये. टीपीएम लावू का? मशीनच चोरीला गेलं तर?

उत्तर: डॉक्टर, नुसता टीपीएम लावला आणि पूर्ण मशीन उचलून नेलं, तर चोरानं घरी प्लग लावल्यावर डिस्क तशीच उघडेल. मग तुमचं संरक्षण फक्त लॉगिन पासवर्ड आणि वर सांगितलेल्या टेस्ट पास होतात का यावर. नुसती डिस्क काढून नेली, किंवा बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत द्यावी लागली, तर मात्र टीपीएम पुरतो, आणि ते प्रसंग चोरीपेक्षा जास्त वेळा येतात.

मदरबोर्डवर टीपीएमची वेगळी चिप असेल तर अजून एक भानगड. किल्ली चिपमधून प्रोसेसरकडे जाताना तारांवरून जाते, आणि त्या तारा ऐकता येतात. २०१९ मध्ये बिटलॉकरवर हे करून दाखवलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकानं रास्पबेरी पाय पिको या अगदी स्वस्त बोर्डानं एका लॅपटॉपची बिटलॉकर किल्ली ४३ सेकंदांत काढून दाखवली. प्रोसेसरच्या आतल्या टीपीएममध्ये ही तार बाहेर दिसत नाही, तरी २०२३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी एएमडीच्या झेन २ आणि झेन ३ वर व्होल्टेजशी खेळून तोही फोडला. तुमच्या गावचा चोर हे करणार नाही, मान्य, मशीन भंगारात विकेल. पण पेशंटचे रिपोर्ट आहेत म्हणून सांगितलं.

पिन लावणं हा नेहमीचा उपाय, पण तुम्हाला तो चालणार नाही, सकाळी पिन कोण टाकणार? तुमच्यासाठी टँग आणि क्लेव्हिस बघा. टँग हा छोटासा सर्व्हर असतो, एखाद्या रास्पबेरी पायवर (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) पण चालतो, आणि क्लेव्हिस म्हणजे त्याला विचारणारा प्रोग्राम. क्लिनिकचा सर्व्हर बूट होताना इनिटआरडीमधूनच नेटवर्कवर टँगला विचारतो आणि उत्तर मिळालं तरच डिस्क उघडते. म्हणजे मशीन क्लिनिकच्या वायरीवर असेल तरच उघडेल, चोराच्या घरी नाही. क्लेव्हिसमध्ये "टीपीएम आणि टँग दोन्ही पाहिजेत" अशी अट पण घालता येते. तो पाय मात्र सर्व्हरच्या शेजारी टेबलावर ठेवू नका, वरच्या मजल्यावर कुठे तरी कपाटात ठेवा, नाही तर चोर दोन्ही घेऊन जाईल. वायफायवर हे करायला जाऊ नका, केबल टाका.

टेस्ट कशी, तर खरोखर मेन स्विच पाडून. लाइट आल्यावर राउटर, पाय आणि सर्व्हर कुठल्याही क्रमानं उठतात, सर्व्हर आधी उठला तर तो टँगची वाट बघत थांबतो की हार मानून पासवर्डवर अडकून बसतो हे बघायचंय. बायोसमध्ये "वीज आल्यावर चालू हो" हे सेटिंग लावलंय ना, तेही त्याच वेळी कळेल.

प्रश्न: एसएसडीमध्येच हार्डवेअर एन्क्रिप्शन असतं, मग लक्सचा खटाटोप कशाला?

उत्तर: २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी नावाजलेल्या कंपन्यांच्या एसएसडी तपासल्या, आणि काहींमध्ये पासवर्ड आणि डेटाच्या किल्लीचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं पण बिटलॉकरला डिस्कवर भरवसा न ठेवता आपणच एन्क्रिप्ट करायला लावलं. आत काय चाललंय ते तुम्हाला तपासता येत नाही, मग ज्याची टेस्टच करता येत नाही त्यावर एकट्यावर कशाला सोडायचं. लक्सच्या जोडीला हवं तर ठेवा, क्रिप्टसेटअप २.७ पासून तशी सोय आहे.

प्रश्न: लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला दिला, त्यांनी मदरबोर्ड बदलून दिला. डिस्क तीच आहे, पण आता पासवर्ड मागते. इतकी वर्षं टीपीएमनं उघडत होती, पासवर्ड आठवत नाही. काही होऊ शकतं का?

उत्तर: जुना बोर्ड अजून त्यांच्याकडे आहे का हे आजच्या आज विचारा. किल्ली त्या बोर्डाच्या टीपीएममध्ये बांधलेली आहे. बोर्ड थोडा वेळ तरी चालू होत असेल आणि त्यावर टीपीएम कोणी क्लिअर केला नसेल, तर तुमची डिस्क त्याला लावून बूट करा, उघडली की लगेच डेटा बाहेर कॉपी करा, बाकी सगळं नंतर. बायोसचं सेटिंग गेलं असेल तर सिक्युअर बूट आधी होतं तसं करा, नाही तर पीसीआर जुळणार नाहीत. बोर्ड गेला असेल तर क्रिप्टसेटअपकडे मागचा दरवाजा नाही, पासवर्ड आठवणं हाच मार्ग. "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्या दुकानात पैसे घालवू नका.

ज्यांची मशीन आज चालू आहेत त्यांनी सिस्टमडी-क्रिप्टएनरोलला रिकव्हरी की बनवायला सांगा, ती एका स्लॉटमध्ये जाते आणि स्क्रीनवर एक लांब ओळ येते, क्यूआर कोडसकट. कागदावर उतरवा, लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. लक्स हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीचा, कीस्लॉट असलेला भाग) बॅकअप पण घ्या, लक्स २ मध्ये तो सहसा १६ एमबीचा असतो, पेनड्राइव्हवर सहज मावतो, मात्र जुना पासवर्ड तुम्ही नंतर काढून टाकला तरी त्या बॅकअपमध्ये तो जिवंत राहतो, म्हणून तो पेनड्राइव्ह जपा. एएमडीवाल्यांना बायोस अपडेट किंवा प्रोसेसर बदलल्यावर कधी कधी काळ्या स्क्रीनवर "नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा" असं येतं (एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आतला टीपीएम). घाईत वाय दाबलं की सील केलेली किल्ली गेली. एन दाबा, आधी कागद शोधा, तो पासवर्ड ग्रबमध्ये खरंच चालतो का बघा, मग ठरवा.